साहेबांपुढे ठणठणीत

मी नांदेडला घरी बसून नोकरी करते. आमच्या गल्लीत यातलं ‘घरी बसून’ एवढंच लोकांना कळतं. करोनाच्या वर्षी मी पुण्याहून बोचकी घेऊन आले, तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, “कामावरून काढलं का हो पोरीला?” आईनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, “न्हाई हो, कंपनीच घरी आली.” काकूंना ते इतकं पटलं, की अजूनही खोलीतून माझा आवाज आला की त्या दारातूनच मागे फिरतात. “राहू द्या, कंपनी आलीय,” म्हणतात. त्यांचं ऐकून दूधवालाही तसंच म्हणायला लागला.

माझं काम सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांवर देखरेख करायचं. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात. आईला हे एकदा नीट समजून घ्यायचं होतं. शेंगा फोडता फोडता तिनं विचारलं, “म्हणजे ते कम्प्युटरातलं तू सोता करतीस?”

“नाही. टीममधली पोरंपोरी करतात.”

“मग तू काय करतीस?”

“मी त्यांना विचारते. कुठवर आलं, कधी होईल, कोणाकडे अडलंय.”

“अन् ते खरं सांगत्यात?”

“कशाचं खरं! ‘झालंच समजा’ म्हणतात.”

“मग?”

“मग मी म्हणते, समजायचं कशाला, दाखवा.”

आईला हसू आवरेना. “तुझ्या अण्णांना अशी नोकरी पाहिजे होती,” म्हणाली. अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी ऑफिसात कारकून होते, आणि याला त्याला विचारत बसण्याची त्यांना भारी हौस. ते गेल्यावर घरात आई एकटीच होती. मोठा भाऊ लातूरला, मी पुण्याला. मी परत आले तेव्हा वाटलं होतं, चार महिन्यांचा प्रश्न आहे. चार महिन्यांची वर्षं झाली आणि कोणी काही बोललं नाही.

तर अशी मी. चाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली (हा विषय आमच्या घरात बंद झालाय, तुम्हीही काढू नका), आणि तापट. तापटपणा मी लपवत नाही. माझ्या टीममधली एक पोरगी भुवनेश्वरहून काम करते, एक पोरगा कोल्हापूरकडच्या खेड्यातून, बाकीचे पुण्यात. मी मीटिंगमध्ये चष्मा काढून टेबलावर ठेवला की सगळे एकदम खरं बोलायला लागतात. काम मला येतं. वाढवून सांगत नाही. ज्याचं त्याला विचारलं की काम पुढे सरकतं, आणि विचारायला मला लाज वाटत नाही.

मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी आईच्या किडन्या काम करेनाशा झाल्या. आठवड्यातून दोनदा सकाळी तिला डायलिसिसला न्यावं लागायला लागलं. रिक्षातून दवाखान्यांच्या गल्लीत जायचं, वरच्या मजल्यावर चढायचं, तिला पलंगावर टेकवायचं, हाताला सुया लागल्या की मी शेजारच्या स्टुलावर लॅपटॉप उघडायचा. सिस्टर चांगल्या. माझ्यासाठी भिंतीतला एक प्लग मोकळा ठेवतात. माझ्या कानात हेडफोन असतो, त्यामुळे तिथल्या लोकांना मीटिंगमधलं माझं एकटीचंच बोलणं ऐकू येतं. “कोणाकडे अडलंय? नाव सांगा. नाव!” असं मी ओरडले की सगळा वॉर्ड गप्प. बिलोलीहून येणारे एक मामा तर माझं बघून सिस्टरनाच विचारायला लागले, “आमचा रिपोर्ट कोणाकडं अडलाय? नाव सांगा.” रिपोर्ट लवकर यायला लागले, असं ते म्हणतात. मला खरं खोटं माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात कंपनीत नवे साहेब आले. लखनौकडचे. बोलायला इतके गोड, की नकार दिला तरी माणसाला वाटावं काहीतरी मिळालंच. त्यांनी आल्या आल्या फर्मान काढलं: सगळ्यांनी आठवड्यातले बहुतेक दिवस पुण्याच्या ऑफिसात बसायचं. सूट फक्त एका कारणासाठी. घरात आईवडील गंभीर आजारी असले आणि त्यांचं करायला दुसरं कोणी नसलं, तरच.

मी म्हटलं, झालं काम. अशी आई माझ्या घरातच आहे.

भावाला फोन केला. तो लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. लातूरला क्लासमध्ये शिकवणारा माणूस म्हणजे त्याच्याकडे श्वास घ्यायलाही वेळापत्रक लागतं. तो म्हणाला, “एवढी कटकट कशाला? आईला माझ्याकडं आणून सोड, तू जा पुण्याला. लातूरात काय डायलिसिस होत नाही का?”

चूक काहीच बोलला नाही तो. जीव आहे त्याचा आईवर. पण आईला त्याच्याकडे करमत नाही. गेल्या वेळी आठ दिवसांसाठी गेली आणि चौथ्या दिवशी परत आली. “त्यांच्याकडं समदी घड्याळावर हायत,” म्हणाली. “ल्योक क्लासला, सून शाळेला, नातवंडं अभ्यासाला. मी कोणाशी बोलू, मिक्सरशी?”

तेव्हा प्रश्न सरळ होता. सूट मिळाली तर मी नांदेडला, आई नांदेडला, सगळं आहे तसं. नाही मिळाली तर मी पुण्याला, आई लातूरला, आणि घराला कुलूप. ते कुलूप मला नको होतं.

अर्ज केला. डॉक्टरांचे कागद जोडले. साहेबांचा फोन आला. “कागद तो सब भेजते हैं,” ते हसत म्हणाले. मला राग आला, पण त्यांचंही खरं होतं. आमच्या कंपनीत त्या महिन्यात एवढे आईबाप एकाएकी आजारी पडले होते, की साथ आलीय का काय असं वाटावं. ते पुढे म्हणाले (त्यांचं सगळं हिंदीत, मी मराठी करून सांगते), “मला तुमच्यावर शंका नाही. मी फक्त आंटीजींना दोन मिनिटं नमस्ते करतो. व्हिडिओवर. बस.”

ही चौकशीच होती. चौकशी कशी करतात हे मला कळत नसेल तर कोणाला कळेल? पण म्हटलं, करू दे. लपवायचं काय आहे?

मी आईला बसवून समजावलं. “हे बघ, साहेब विचारतील कशी आहेस. खरं सांगायचं. डायलिसिसचं सांगायचं. तिथून आल्यावर दिवसभर डोकं उचलत नाही ते सांगायचं. चक्कर येते, पाणी मोजून प्यावं लागतं, रात्री उठताना मला हाक मारावी लागते. सगळं सांगायचं.”

“हाव गं बाई. सांगते की. मी काय कुकुलं बाळ हाय?”

मी तालीमसुद्धा घेतली. मी साहेब झाले, ती आई झाली. इतकी छान बोलली, सुस्कारा टाकून, डोळे मिटून, की मलाच भरून आलं. शेवटी “लेकराचा लई आधार हाय साहेब,” हे तिनं आपल्या मनानं घातलं. मी म्हटलं, वा, आता काळजी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन होता. डायलिसिसचा वार नव्हता, ती जेवून पडली होती. फोनची वेळ झाली तशी मी हाक मारली. आई बाहेर आली आणि मी कपाळाला हात लावला. इरकल साडी. केस चोपून अंबाडा. तोंडाला पावडर. हातात सणासुदीच्या बांगड्या.

“आई! आजारी माणूस असा दिसतो का?”

“परका माणूस येऊन राहिला, मी काय गाऊनवर बसू? लोक काय म्हणतील?”

“लोक कोण? एकटे साहेब आहेत!”

“मग ते काय म्हणतील?”

वाद घालायला वेळ नव्हता. स्क्रीनवर साहेब आले. मागे पुस्तकांचं कपाट, अंगात स्वेटर, चेहरा हसरा.

“नमस्ते आंटीजी. कैसी हैं आप?”

इथे थोडं आमच्याकडचं सांगायला पाहिजे. आमच्याकडे ‘कसं काय’ या प्रश्नाला एकच उत्तर आहे. बरं हाय. माणूस सलाइनवर असला तरी भेटायला आलेल्याला म्हणतो, बरं हाय, तुम्हीच वाळलात. परक्यापुढे आपलं दुखणं काढणं म्हणजे फाटकं धुणं रस्त्यावर वाळत घालणं. आई डॉक्टरांनाही असंच सांगते. ते विचारतात, “आजी, काही त्रास?” आणि ती म्हणते, “काही न्हाई. तुमच्या पोराची परीक्षा झाली का?” हे सगळं मी रोज बघते. बघूनही मला वाटलं की एका दुपारच्या तालमीनं ते बदलेल.

“एकदम मजे में, साब!” आई म्हणाली. “मेरेकु क्या होनेका है? आप बोलो, घर में सब खैरियत?”

आईची हिंदी नांदेडची आहे. ती बोलायला लागली की थांबत नाही.

साहेब म्हणाले, “सुना है आपका इलाज चल रहा है?”

“इलाज? हां, जाते ना कभी-कभी दवाखाने को. भोत अच्छे लोगां हैं वां. बातां करते बैठते. टाइम कट जाता.”

डायलिसिस! टाइम कट जाता! कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूनं मी तिच्या मांडीला चिमटा काढला. तिनं सरळ माझ्याकडे वळून विचारलं, “चिमटे कशाला काढतीस गं?” साहेबांना मराठी येत नाही म्हणतात, पण चिमटा त्यांना कळला. त्यांचे ओठ हलले, हसले नाहीत एवढंच.

“बेटी आपका बहुत खयाल रखती होगी?”

“ये?” आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी कोण ते तिला आठवत नसावं. “ये तो दिनभर तुमाराच काम करती, साब. खाने को बुलाए तो हात दिखाती. गुस्सा भोत है इसको. काम में थोडी कच्ची होंगी, तुमीच संभाल लेव.”

हेही आमच्याकडचंच. पोरीला कोणाच्या हवाली करताना आई तिला कमी लेखते. समोरच्यानं तिला मायेनं वागवावं म्हणून. पहिलीत मास्तरांना तिनं हेच सांगितलं होतं, हॉस्टेलच्या बाईंनाही हेच. पण मास्तर आमचे होते, बाई परभणीच्या होत्या. त्यांना ‘सांभाळून घ्या’चा अर्थ माहीत होता. लखनौच्या साहेबांना, आणि तेही यापुढे दरवर्षी माझ्या कामाचे गुण देणार असलेल्या साहेबांना, माझ्या सख्ख्या आईनं मी कामात कच्ची असल्याचं तोंडानं सांगितलं. बाई, बाई, बाई!

साहेबांनी शेवटचं विचारलं. अगदी हळुवार. “बेटी पुणे आ जाए, तो आपको कोई दिक्कत?”

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मेरेकु कायकी दिक्कत? लेके जाव.”

लेके जाव! जशी काय मी ज्वारीचं पोतं. वर पुन्हा, “कभी आओ साब नांदेड को. गुरुद्वारा देखते, हमारे घर खाना खाके जाते.” साहेबांनी हात जोडले, आईनं हात जोडले, दोघांचं एकमेकांशी अगदी छान जमलं. फोन बंद झाल्यावर ती म्हणाली, “चांगला हाय माणूस. खानदानी वाटला.”

संध्याकाळी साहेबांचा निरोप आला. आंटीजींना भेटून फार आनंद झाला, त्या तर माझ्यापेक्षा तंदुरुस्त आहेत, असं लिहिलं होतं. तुमची अडचण मी समजू शकतो, पण या परिस्थितीत सूट देता येणार नाही. पुढच्या महिन्यापासून पुण्यात या. आणि खाली एक ओळ: येत्या काळात एक मोठा नवा प्रकल्प सुरू होतोय, तो तुमच्याकडे सोपवायचा माझा विचार आहे. म्हणजे ‘कच्ची होंगी’ त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. फक्त ‘मजे में’ घेतलं होतं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि मला जे सुचेल ते बोलले. “वाटोळं केलंस तू! दोन वाक्यं सांगायची होती, दोन. आता बस लातूरला मिक्सरशी बोलत. तुला काय, तू छान इरकल नेसून मिरवलीस. इथं माझी झोप उडालीय आणि तू म्हणे लेके जाव!” अजूनही बरंच. आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. शेवटची पोळी तव्यावरून काढली, गॅस बंद केला आणि म्हणाली, “परक्या माणसापुढं काय रडायचं?”

त्यानंतर आमचा अबोला सुरू झाला. दोघींच्या घरात अबोला धरणं अवघड असतं, मध्ये निरोप्या कोणी नसतो. मग भिंतीशी बोलावं लागतं. “कोणाला चहा पाहिजे असंल तर झाकून ठेवलाय,” आई फ्रिजला सांगायची. “कोणाची गोळी राहिलीय घ्यायची,” मी दाराला सांगायचे. काकू आल्या, दोघींची तोंडं बघितली आणि म्हणाल्या, “कंपनी रुसली वाटतं.” कोणीच हसलं नाही, तेव्हा त्या बिचाऱ्या वाटी घेऊन परत गेल्या.

डायलिसिसचा वार आला. रिक्षात आम्ही दोन टोकांना बसलो. वॉर्डात तिला पलंगावर टेकवलं, सुया लागल्या, मशीन सुरू झालं. मी स्टुलावर लॅपटॉप उघडला. मीटिंगला अवकाश होता. बिलोलीचे मामा पलीकडे डोळे मिटून पडले होते.

“ते मोठं काम तुला देणार म्हणले ना साहेब?” आईनं विचारलं. छताकडे बघत, पण मलाच.

मला आश्चर्य वाटलं. “तुला कोणी सांगितलं?”

“तूच फोनवर भावाला सांगत होतीस. मला काय ऐकू येत न्हाई?”

“हो. देणार होते. देतील. आता जायचंच आहे पुण्याला.” मी रागानंच बोलले.

तिनं मोकळ्या हातानं पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, “त्या दिवशी मला सवयीनं बोलायला झालं, हे खरं हाय. कोणी कसं काय म्हणलं की तोंडातनं बरंच निघतं. पण नंतर नंतर मी मुद्दाम बोलले. ते लेके जाव मुद्दाम होतं.”

“मुद्दाम? का?”

“तू अर्जात काय लिवलं होतंस? आई आजारी हाय, म्हणून मला हितं राहू द्या. असंच ना?”

“मग काय खोटं आहे त्यात?”

“खोटं न्हाई. पण म्हणजे मी हाय तोवर तू हितं. मी गेले की तुझं हितलं काम खलास. दर सालाला साहेब विचारणार, आई हाय का अजून? अन् तू म्हणणार, हाय.” ती श्वास घ्यायला थांबली. “अन् उद्या तुला मोठं काम मिळालं न्हाई, की तुझ्या मनात येणार, हिच्यापायी ऱ्हायलं. तू तोंडानं बोलणार न्हाईस. मी तुझ्या तोंडाकडं बघत बसू का मग? मला न्हाई तुझं कारण व्हायचं, बाई.”

“पण मला राहायचंय इथं!”

“मग तसं सांग की. तुझ्या नावानं माग. माझ्या दुखण्याच्या आड कशाला लपतीस?”

मला फार राग आला. मी हेडफोन कानात घातला. मीटिंग सुरू झाली, मी नेहमीसारखं कुठवर आलं ते विचारलं, आणि कोणी काय उत्तर दिलं त्यातलं मला आज काहीही आठवत नाही.

घरी आल्यावर आई झोपली आणि मी गच्चीवर जाऊन बसले. ऊन तापायला लागलं होतं, सिमेंट चटका देत होतं, म्हणून टाकीच्या सावलीत बसले. खरंच, मी कधी काही माझ्या नावानं मागितलं होतं का? इंजिनिअरिंगला गेले, अण्णांनी ठरवलं म्हणून. पुण्याला गेले, कॉलेजात कंपनी आली आणि तिनं निवडलं म्हणून. परत आले, लॉकडाऊन लागला म्हणून. राहिले, आई आजारी पडली म्हणून. प्रत्येक वेळी कोणीतरी, काहीतरी पुढे होतं आणि मी त्याच्या मागे. आणि मला पुणं नको होतं. हे मी तोंडानं कधी म्हटलंच नव्हतं. पुण्यात मला कोणी वाईट वागवलं नाही. पण तिथे पंधरा वर्षं राहून मी एकदाही शेजारच्या फ्लॅटमध्ये वाटी घेऊन गेले नाही. इथे सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन, गच्चीवर एक चक्कर मारून मी कामाला बसते तेव्हा माझं डोकं चालतं. इथं मी कोणाची तरी आहे, आणि त्याला आई असण्या-नसण्याशी देणंघेणं नाही. मला नांदेड आवडतं. एवढ्या मोठ्या बाईला एवढं साधं वाक्य बोलायला आईनं मशीनवर पडून शिकवावं, याचं हसूही आलं आणि रडूही आलं. रडले मी थोडी. गच्चीवर कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन केला. म्हटलं, “माझा अर्ज मी परत घेते. आई आजारी आहे हे खरं आहे, ती सांगते तशी मुळीच मजेत नाही. पण ते कारण राहू द्या. मला नांदेडहून काम करायचंय, कारण मला नांदेडला राहायचंय. माझं काम इथून चांगलं होतं, माझ्या टीमला विचारा, ग्राहकाला विचारा.”

त्यांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, “असं कारण नियमात नाही.”

“मला माहीत आहे. पण खरं तेवढंच आहे.”

त्यांनी मला वाट बघायला सांगितलं आणि संध्याकाळी परत फोन केला. गोड बोलणं या वेळी जरा कमी होतं, त्यामुळे मला ते जास्त आवडले. नवा प्रकल्प पुण्यात बसूनच चालवावा लागेल, तो माझ्याकडे देता येणार नाही. पण एका परदेशी ग्राहकाचं जुनं सॉफ्टवेअर आहे, त्याची फक्त देखभाल करायची आहे. ते कोणालाच नकोय. ते घेतलं तर कुठूनही केलं तरी चालेल, तशी तरतूद ते करून घेतील. “लेकिन एक बात साफ बोलता हूं,” म्हणाले, “उसमें ग्रोथ नहीं है. फिर मत कहना.”

“नहीं कहूंगी,” मी म्हणाले.

फोन ठेवला आणि वाईट वाटलं. खूप वाटलं. तो मोठा प्रकल्प माझ्याच हाताखाली तयार झालेल्या एका पोराला मिळणार होता. चांगला पोरगा आहे, पण अजून ‘झालंच समजा’वर विश्वास ठेवतो. उद्या तो माझ्या वर जाईल, आणि मी कोणाला नको असलेलं जुनं सॉफ्टवेअर पुसत बसेन. सुटका झाल्याचा आनंद आणि हे, दोन्ही एकदम छातीत होतं. तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आले.

आई बाजेवर बसून मेथी निवडत होती. अबोला दवाखान्यातच सुटला होता.

“झालं,” मी म्हणाले. “इथंच राहायचं. साहेबांनी कबूल केलं.”

तिनं मान वर केली. “कोणाच्या नावानं?”

“माझ्या.”

“माझं काहीच लावलं न्हाईस त्यात?”

“काही नाही. तुझे कागद परत घेतले.”

“अन् ते मोठं काम?”

“ते गेलं. मी सोडलं. मी. तुझा काही संबंध नाही त्यात.”

“म्हणजे उद्या मी न्हाई राहिले तरी तू हितंच?”

“हो बाई, हितंच! किती वेळा सांगू?”

आईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तपासत होती. मग तिनं मशीनच्या सुया लागतात तो डावा हात पदराखालून काढून माझ्यापुढे धरला.

“मग आता सांगते,” म्हणाली. “ह्या हाताची बोटं लई ठणकायलीत. झोप लागंना.”

मी हात हातात घेतला. बोटं गारठलेली होती, टोकांना काळसर पडली होती.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“दिवाळीपासून! आणि तू आत्ता सांगतेस? डॉक्टर दर वेळी विचारतात, मी समोर असते, तोंड उघडायला काय झालं होतं?”

“तवा सांगितलं असतं तर तू माझ्यापायी ऱ्हायली असतीस,” आई म्हणाली. मी डॉक्टरांना फोन लावायला उठले. माझ्या पाठीमागे, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, ती मोठ्यानं कण्हली.